दहा वर्षांचा करार

परदेशी विद्याभ्यासाची अनुमती उभयपक्षी बंधनकारक असते. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोद्यास करारपत्रावर सही केली. सयाजीराव महाराजांच्या सरकारने अमेरिकेतील शिक्षणाकरिता शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांनी परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असे ठरले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली, तेव्हा त्यांचा लंडनमधील अभ्यास अपुराच होता. तो चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन, वचन पाळण्यास ते बडोद्यास आले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. लंडनची परवानगी मात्र कायम होती. १९२० साली ते पुन्हा तेथे गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. सरकारी करारात घराचे कलम नव्हते.