द्राक्षमद्याची पारख

सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा निघतो तेव्हा घेणारा आधी हळकुंड मोडून आतील रंग पाहतो. तासगावास बेदाण्याची बोली करण्यापूर्वी व्यापारी मूठभर माल तळहातावर घेऊन त्याची जाडी, रंग व ओलावा पारखतो. एखादा दाणा तोंडातही टाकतो. माल उघडा असल्यामुळे गुण आणि किंमत यांची सांगड तेथल्या तेथे घालता येते. परंतु द्राक्षाचे मद्य होऊन ते बाटलीत बंद झाले आणि दुकानाच्या फळीवर उभे राहिले, म्हणजे घेणाऱ्याची ही सारी विद्या कुंठित होते. बूच काढल्यावाचून वास नाही, आणि पैसे दिल्यावाचून बूच निघत नाही. मग चांगला माल रास्त भावात ओळखावा कशावरून? हा प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटेल. पण त्याच्या इतिहासात सातारा व सांगली या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे हिताहित गुंतले आहे असे आम्हांस दिसते. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. जिचा विक्रय कायद्याने चालतो त्या वस्तूची पारख आजवर कशी होत आली, व ती कशी व्हावी, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या बाबतीत आपले पूर्वज अगदीच अनभिज्ञ नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे प्रकार त्याच्या जन्मभूमीवरून सांगितले आहेत : कापिशीचे ते कापिशायन आणि हारहूरचे ते हारहूरक. इतर मद्यांची कृती देणारा हा ग्रंथकार द्राक्षमद्यापाशी मात्र देशाचे नाव पुरेसे मानतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच प्रकरणात, बिघडलेले मद्य चांगल्याच्या जागी न विकता अन्यत्र खपवावे किंवा दासांस व मजुरांस वेतन म्हणून द्यावे, अशी व्यवस्था आहे. चांगल्या मालाला देशाचे नाव आणि वाईट माल गरिबाच्या गळ्यात, हा न्याय तेव्हापासूनचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रवर्णन इतिहासाभ्यासकांस परिचित आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने प्रथम मद्याचा उल्लेख केला आहे. इटलीचे मद्य तेथे विशेष पसंत असे, आणि त्याखेरीज लाओदिकेयाचे व अरबस्तानचे मद्यही येई, असे तो सांगतो. याच भडोचेशी पैठण व तेर या दख्खनच्या पेठांचा व्यापार चाले. म्हणजे देशोदेशींचे मद्य पुढे ठेवून त्यांतून निवड करणारे गिऱ्हाईक आपल्या बाजूस एकोणीसशे वर्षांपूर्वीही होते. त्याची निवडही देशाच्या नावावरूनच होत असे.

मिरज व आसपासचा कृष्णाकाठ आदिलशाही अमलाखाली असताना, १६०३-०४ च्या सुमारास, अकबराचा वकील असदबेग विजापुरास आला होता. तेथील बाजाराचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. जवाहिरे, शस्त्रविक्रेते आणि मिठाईवाले यांच्या रांगेत त्याने मद्याचेही दुकान पाहिले, आणि तेथील चिनी मातीची व स्फटिकाची पात्रे पाहून तो थक्क झाला. पात्राच्या शोभेवरून आतील पदार्थाची थोरवी ठरविण्याची मानवी खोड त्या वर्णनात उघड दिसते. आजचे नक्षीदार लेबल हे त्या स्फटिकपात्राचेच वंशज होय.

मराठेशाहीत मात्र वारे उलट दिशेने वाहिले. सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशांचा परामर्श घेताना न्यायमूर्ती रानडे यांनी पेशवाईतील मद्यनिषेधाची आवर्जून नोंद केली आहे. जेथे विक्रीच निषिद्ध, तेथे पारखीचा प्रश्न उद्भवत नाही. तो पुन्हा उद्भवला तो इंग्रजी अमलात, व तोही विचित्र रीतीने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य हे सरकारी उत्पन्नाचे साधन म्हणून पक्के झाले. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती या धोरणाविरुद्धच होय. बाटलीच्या किमतीत आता मालाखेरीज सरकारचा वाटा शिरला. घेणारा मोजतो त्यातले किती मद्याचे व किती करांचे, हे त्याला कळेनासे झाले.

ज्या युरोपातून साहेबांचे मद्य येई तेथेही किंमत आणि गुण यांचे नाते सरळ नव्हते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दो येथील दलालांनी तेथील मळ्यांची प्रतवारी लावली, ती मुख्यतः त्या त्या मळ्याच्या मद्याला वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावावरून. भाव जास्त म्हणून प्रत वरची, आणि पुढे प्रत वरची म्हणून भाव जास्त, असे चक्र सुरू झाले. ती यादी आजही जवळजवळ तशीच आहे. परंतु २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्येच स्टीव्हन स्परियर या मद्यव्यापाऱ्याने बाटल्यांची नावे झाकून फ्रेंच परीक्षकांस चव घ्यावयास लावले, तेव्हा तांबड्या व पांढऱ्या या दोन्ही वर्गांत कॅलिफोर्नियाचे मद्य पहिले आले. नाव झाकताच थोरवी डळमळली. यावरून एवढे निश्चित होते की, प्रसिद्ध नावाच्या बाटलीत आपण पुष्कळदा नावाचे पैसे देतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत बराचसा जुन्या सातारा जिल्ह्यात व काही संस्थानांत वाटला होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. याच भूमीत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार नांदले. कुंडल हे त्याचे मोठे ठाणे होते. सावकारी, गुंडगिरी यांबरोबर दारूचाही बंदोबस्त करणे हे प्रतिसरकारने आपले काम मानले होते. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सर्व प्रांतात निषेध आला. तो कालांतराने शिथिल झाला, तरी परवान्याची पद्धत राहिली. मौज अशी की, या साऱ्या काळात औषधाच्या दुकानात द्राक्षासवाची बाटली निर्वेधपणे मिळत होती. त्यातही द्राक्षे आंबून आपोआप मद्यार्क उत्पन्न होतो. परंतु तो वैद्याच्या नावाखाली असल्यामुळे कोणास सलला नाही.

कुंडल आज ज्या पलूस तालुक्यात मोडते, त्याच पलुसास २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानंतर महाराष्ट्र शासनाने कृष्णा व्हॅली वाइन पार्क वसविण्याचे ठरविले. त्याचे जोड भावंड नाशिक जिल्ह्यातील विंचूर येथे झाले. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या मद्यास करात सवलत मिळाली. शेतकऱ्यांना सांगण्यात आले की, खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडतो, तेव्हा मद्याची द्राक्षे लावा. तासगाव तालुक्याला द्राक्षाची विद्या शिकविण्याची गरज नव्हती. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या जातीतून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण याच तालुक्याच्या नावाने देशभर गेला आहे. परंतु मद्याचे द्राक्ष वेगळे. काबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ यांचा दाणा लहान, साल जाड आणि आत बी. ते टोपलीत घालून फळबाजारात विकता येत नाही व त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. कारखान्याने नेले तरच त्याला मोल, नाही तर काही नाही.

हाच धोका २००८-०९ साली प्रत्यक्षात आला. जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेले ओस पडली, मद्याचे साठे पडून राहिले आणि कारखान्यांनी द्राक्षे उचलण्यास हात आखडता घेतला. नाशिकप्रमाणेच सांगलीकडेही अनेकांनी मद्याच्या द्राक्षांचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. नाशिक पुढे सावरले. पलुसाला मात्र तशी भरभराट लाभली नाही. कारणे अनेक असतील. पण आमच्या मते एक कारण दुकानाच्या फळीवरच होते. मद्य पिकविण्याची योजना झाली, परंतु त्याची पारख करणारे गिऱ्हाईक घडविण्याचा विचार कोणी केला नाही. हॉटेलातील पाहुण्यावर विसंबलेला धंदा पाहुणा गेला की बसतो.

असे गिऱ्हाईक कशाने घडते? प्रथम किमतीचे पृथक्करण करावयास शिकल्याने. परदेशी मद्यावर आपल्या देशात अनेक वर्षे १५० टक्के आयातकर होता. बंदरात ४०० रुपयांना उतरलेली बाटली हा कर भरताच १,००० रुपयांची होई. राज्याचा कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हे त्यापुढचे. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारान्वये पाच डॉलरांहून अधिक किमतीच्या बाटलीवरील हा कर १०० टक्क्यांवर आला, व तो दहा वर्षांत क्रमाक्रमाने ५० टक्क्यांपर्यंत उतरावयाचा आहे. तथापि मुख्य तत्त्व तेच राहते. फळीवर एकाच किमतीच्या दोन बाटल्या, एक परदेशी व एक महाराष्ट्रीय, शेजारी उभ्या असतील, तर परदेशी बाटलीत द्राक्षाच्या वाट्याला आलेले पैसे बहुधा थोडे असतात. स्वस्त परदेशी बाटली हा म्हणून बहुतेक वेळा आतबट्ट्याचा सौदा होय.

परदेशीच घ्यावयाची असेल, तर कीर्तिमान प्रदेश सोडून त्याच्या शेजारी पाहावे. बोर्दोपेक्षा दक्षिण फ्रान्सचा लांगदोक प्रांत, प्रसिद्ध इटालियन नावांपेक्षा सिसिली, तसेच पोर्तुगाल, चिली व दक्षिण आफ्रिका यांच्या मालात नावाचा अधिभार कमी असतो. नंतर लेबल वाचावे. द्राक्षाची जात, हंगामाचे वर्ष, पिकल्याचे ठिकाण व भरणाऱ्याचे नाव या चार गोष्टी जो निःसंकोच लिहितो, त्यावर अधिक विश्वास ठेवावा. साधे पांढरे मद्य ताजे असतानाच घ्यावे. जुने म्हणजे चांगले हा समज थोड्याच भारी मद्यांस लागू पडतो. शेवटी दुकान पाहावे. सांगलीच्या वैशाखात जी बाटली उन्हाच्या झोताखाली महिनोन्‌महिने उभी राहिली, ती मूळची कितीही चांगली असली तरी आत शिजलेली असावयाची.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइनचे स्वतंत्र कपाट ठेवण्यास संमती दिली. शेतकऱ्यांचे हित हेच त्याचे समर्थन होते. त्यावर मोठा गदारोळ झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदलले आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. विरोध करणाऱ्यांस अरसिक म्हणून हिणविणे आम्हांस मान्य नाही. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या बायका ‘आडवी बाटली’ या खुणेवर मत देऊन गावातले दुकान बंद करवितात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली, ती हौसेखातर नव्हे. किराणा घेताना मूल ज्या कपाटाकडे पाहते ते कपाट निरुपद्रवी आहे, असे कोणी सांगू नये.

परंतु सरकारलाही एक गोष्ट विचारणे प्राप्त आहे. शेतकऱ्यास वेल लावावयास सांगावयाचे आणि माल तयार झाल्यावर तो विकण्याची लाज बाळगावयाची, ही दुटप्पी रीत किती दिवस चालणार? मद्य त्याज्य असेल, तर त्यासाठी जमीन गुंतवावयास कोणास प्रवृत्त करू नये. ते ग्राह्य असेल, तर परवानाधारक दुकानात का होईना, ते नीट सावलीत ठेवून, खऱ्या लेबलासह, जाणत्या गिऱ्हाइकास विकले जावे. या दोहोंच्या मध्ये लोंबकळण्याचा भुर्दंड पलुसाच्या शेतकऱ्याने एकदा भरला आहे.

नाशिक खोऱ्याच्या वाइनला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला आहे, आणि सांगलीच्या हळदीला व बेदाण्यालाही तो लाभला आहे. कौटिल्याच्या काळी कापिशीचे नुसते नाव उच्चारले की गुणाची खात्री पटत असे. कृष्णाकाठच्या द्राक्षमद्याला तसा लौकिक मिळवावयाचा असेल, तर तो सवलतींनी वा जाहिरातींनी मिळणार नाही. वर्षानुवर्षे एकच खरे लेबल लावून आणि वाईट हंगामाचा माल चांगल्यात न मिसळता विकला, तरच तो मिळेल. आणि तो मिळेपर्यंत घेणाऱ्याने किमतीच्या आकड्यापेक्षा त्या चार ओळींवरच अधिक भिस्त ठेवावी.