गब्बर आधी कानावर आला

गब्बरसिंगला महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी जीव लावला. त्याचं श्रेय आपण सलीम-जावेदच्या लेखणीला आणि अमजद खानच्या अभिनयाला देतो. ते त्यांना मिळायलाच हवं. पण गब्बर लाडका झाला तो एका काळ्या तबकडीमुळे, असं माझं ठाम मत आहे. ती तबकडी मी हातात धरलेली आहे, तिच्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसलेली आहे आणि तिच्यावर सुई ठेवलेली आहे.

तासगावात आमच्या वडिलांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. दोन मोठे कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डप्लेअर, एक मायक्रोफोन आणि रेकॉर्डींनी भरलेली पत्र्याची पेटी, एवढा सगळा बारदाना. लग्न, बारसं, सत्यनारायण, उरूस, निवडणुकीची सभा, सगळीकडे दादांना बोलावणं असायचं. गणपतीत तर श्वास घ्यायला फुरसत नसे. तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीलाच निघतो, त्यामुळे आमची धांदल इतर गावांच्या आधी सुरू व्हायची आणि गल्लीतल्या मंडळांचे गणपती उठेपर्यंत चालायची. कर्णा कुठल्या घराच्या माळवदावर बांधायचा, तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, पहाटे भूपाळ्या किती वेळ लावायच्या, हे सगळं दादांनी ठरवलेलं असे. संध्याकाळी मात्र मंडळाची पोरं सांगतील ते लावावं लागे. ‘शोले’ची संवादांची एलपी सांगलीहून आमच्या पेटीत आली आणि पुढे कितीतरी वर्षं पोरांनी दुसरं काही फारसं मागितलंच नाही.

रमेश सिप्पींचा ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत लागला. आणीबाणी जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पहिले काही दिवस धंद्यातल्या जाणत्यांनी सिनेमा पडला असंच धरलं होतं. प्रेक्षक थिएटरात गप्प बसत होते, बाहेर पडतानाही फारसं बोलत नव्हते. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावं का, इथपर्यंत निर्मात्यांकडे खल झाला. सलीम-जावेद यांनी मात्र धंद्याच्या साप्ताहिकात जाहिरात देऊन टाकली, की हा सिनेमा प्रत्येक मोठ्या टेरिटरीत एक कोटीचा धंदा करेल. वितरकांच्या मनात धाकधूक असताना लेखकांनीच असा आकडा छापून आणणं हे त्या काळात धाडसाचं होतं. पुढे लॅमिंग्टन रोडवरच्या ‘मिनर्व्हा’त तो पाच वर्षांहून जास्त चालला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. सिनेमाची गाणी पॉलिडॉर कंपनीने आधीच बाजारात आणली होती. संगीतकार पंचमची गाणी असूनही खप मनासारखा नव्हता. कंपनीची माणसं थिएटरात जाऊन बसली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लोक गाण्यांपेक्षा बोलण्याने भारावले आहेत. मग कंपनीने संवादांचीच रेकॉर्ड काढली आणि ती धो धो खपली. सिनेमातलं बोलणं आधीही रेकॉर्डवर आलं असेल, पण हॉटेलात, पानाच्या गादीवर, सलूनमध्ये, मांडवात दिवसभर संवाद वाजताहेत, हे आमच्या गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

जाहिरातीचा इतिहास पाहिला तर लोकांना तिकीटखिडकीपर्यंत आणायच्या युक्त्या आपल्याकडे सिनेमाइतक्याच जुन्या आहेत. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात करताना सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत, असं सांगितलं होतं. कथा कुठली आणि काम कोणाचं याचा त्यात पत्ता नाही. नाटकाला सरावलेल्या माणसाला तीन आण्यांत माल किती मिळणार ते त्यांनी सांगितलं. ‘शोले’च्या रेकॉर्डने वेगळं काम केलं. तिकीट काढायच्या आधीच कोणाच्या बाजूने बसायचं, हे तिने ठरवून टाकलं.

मोठ्या शहरांत सिनेमा सत्तर एमएमच्या पडद्यावर लागला. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला त्याची वाट पाहावी लागली. त्या दरम्यान रेकॉर्ड मात्र गावोगाव पोचली होती. म्हणजे आमच्याकडच्या शेकडो माणसांनी गब्बर आधी ऐकला आणि नंतर पाहिला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ साली दाखवून दिलं होतं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी माणसाला ती आवडू लागते. आमच्या कर्ण्याने तासगावच्या गल्ल्यांत तेच केलं. सिनेमा गावात लागला तेव्हा थिएटरातले लोक अमजद खानच्या आधी त्याचं वाक्य पुरं करत होते. दुष्ट माणूस पडद्यावर येतो आहे आणि लोक जुना दोस्त भेटल्यासारख्या शिट्ट्या मारताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रेकॉर्डवरचा गब्बरचा पहिला प्रसंग नीट आठवून पाहा. रामगढहून रिकाम्या हाताने परतलेली तीन माणसं उभी आहेत. गब्बर पिस्तूल घेतो. सहा गोळ्या आणि माणसं तीन, म्हणून तीन गोळ्या हवेत सोडतो, चक्री फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावून चाप ओढतो. तिघांच्याही वेळी घर रिकामं निघतं. गब्बर हसू लागतो, मग ते तिघे हसतात, मग सगळी टोळी हसते. त्या हसण्याच्या भरात तो तिघांना गोळ्या घालतो. पडद्यावर कालियाचं काम विजू खोटे यांनी केलं आहे. त्यांचा चेहरा बघा. घाम, थरथरणारे ओठ, सुटलो असं वाटल्यावर फुटलेलं ते वेडंवाकडं हसू. ज्याला मरणाची चाहूल लागली आहे आणि तरी हसावं लागतं आहे असा माणूस ते उभा करतात. तबकडीवर यातलं काय ऐकू येतं? गब्बरचा आवाज, ते लांबत जाणारं हसणं आणि धडाधड गोळ्या. कालियाचा चेहरा तबकडीवर मावत नाही. मांडवातली पोरं गब्बरबरोबर हसायची. मीही त्यांच्यात होतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गब्बरचा सगळ्यात भयंकर गुन्हा त्या रेकॉर्डवर येऊच शकत नव्हता. ठाकूरच्या घरची माणसं तो एकेक करून मारतो आणि शेवटी त्या लहान पोरावर बंदूक रोखतो. त्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीतच. झोपाळ्याची करकर आहे, बंदुकीचे आवाज आहेत, घोडा आहे. गब्बर तिथे टाळ्या मिळवणारं एकही वाक्य बोलत नाही. त्यामुळे तो प्रसंग कर्ण्यावरून कुणी वाजवला नाही, स्नेहसंमेलनात कुणी केला नाही, पोरांच्या तोंडी कधी बसला नाही. ज्या पापाला शब्द नव्हते, ते लोकांच्या आठवणीतून गळून पडलं.

पुढचं पाऊल बिस्किटवाल्यांनी टाकलं. ब्रिटानियाच्या ग्लुकोज-डी बिस्किटांच्या जाहिरातीत अमजद खान गब्बरच्याच वेषात आला. बिस्किटं खाणार कोण, तर लहान मुलं. ज्याने सिनेमात एका लहान मुलाला गोळी घातली, त्याच्या पसंतीचा माल मुलांना विकला गेला आणि आयाबापांना त्यात काही खटकलं नाही. मी कंपनीला बोल लावत नाही. लोकांना तो हवाहवासा झाला होता, हे त्यांनी अचूक हेरलं.

मराठीत याच्या अगदी उलटं निळू फुल्यांच्या वाट्याला आलं. ते राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात राबलेले. पण पडद्यावरच्या पाटील-सावकारांमुळे गावोगावच्या बायका त्यांना बघून तोंड फिरवायच्या. भल्या माणसाला शिव्या आणि कल्पनेतल्या नराधमाला प्रेम, हे दोन्ही एकाच प्रेक्षकाने केलं आहे. आपली माया आणि आपला राग कुठे खर्च होतो, यावर आपला ताबा किती असतो, याचा विचार या दोन माणसांमुळे मी वर्षानुवर्षं करत आलो आहे.

आणि गब्बर सगळाच कल्पनेतला नव्हता. १९५० च्या दशकात चंबळच्या खोऱ्यात, भिंडकडे, गब्बरसिंग नावाचा दरोडेखोर होता. सलीम खान यांचे वडील इंदूरला पोलीस अधिकारी होते, घरात दरोडेखोरांच्या गोष्टी निघत आणि हे नाव तिथून आलं. खरा गब्बर लोकांची नाकं कापायचा. गावकऱ्यांची कापली, पोलिसांचीही कापली. मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांच्या रोजनिशीत त्याच्याबद्दल नोंदी आहेत. हे रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी गब्बरला चकमकीत मारलं. नाक कापलेली माणसं त्यानंतरही गावात, बाजारात, लग्नाकार्यात तोंड झाकून वावरली असतील. ‘शोले’ लागला त्या साली त्यांतली बरीचशी हयात असणार. शेजारच्या मांडवात गब्बरचं नाव गर्जत असताना त्यांना काय वाटलं असेल, हे कुणी जाऊन विचारलं नाही.

सेन्सॉरने त्या वेळी ‘शोले’चा शेवट बदलायला लावला होता. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. २०२५ साली इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात ‘शोले’ची दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली आणि त्याचं सगळीकडे कौतुक झालं. मला मात्र त्या शेवटापेक्षा मधला एक प्रसंग जास्त सलतो. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि त्यानंतर घोड्यावरून अहमद या गावातल्या पोराचं प्रेत येतं. ते काम आपल्या सचिन पिळगावकरांचं आहे. सगळे गप्प झालेले, आणि एवढी शांतता का, असं त्याचा आंधळा बाप, रहीमचाचा, विचारतो. ए. के. हंगल यांनी तो प्रश्न ज्या आवाजात विचारला आहे, तो ऐकून काळीज हलायला पाहिजे. आज त्या वाक्यावर मीम होतात, वर्ग शांत झाला की मुलं ते म्हणून खिदळतात. मुलांचा त्यात दोष नाही. त्यांना ते वाक्य सुटं मिळालं, प्रेत आणि बाप त्याच्याबरोबर मिळाले नाहीत.

दादांचा धंदा बंद होऊन पुष्कळ काळ लोटला. ती एलपी आमच्या घरी आहे. दर वर्षी शाळांच्या स्नेहसंमेलनांत कुणीतरी गब्बर होतोच, आणि होऊ द्यावा, सिनेमा आहेच तसा जबर. पण जे शिक्षक तो प्रवेश बसवतात त्यांना माझी विनंती आहे. समोर कालिया म्हणून ज्या पोराला उभं कराल त्याला नुसतं पडायला शिकवू नका, घाबरायला शिकवा. आणि रहीमचाचांचा तो प्रश्न घेणार असाल, तर त्याच्यासमोर मुलाचं प्रेत ठेवा, नाहीतर तो घेऊच नका.