देह आणि शिकणे

पैलवानाचा मुलगा काही शंभर जोर काढीत जन्माला येत नाही. बापाने घाम गाळून मिळविलेले कसब लेकराने पुन्हा मुळापासून मिळवावयाचे, हा निसर्गाचा हिशेब आपल्याला नेहमीच थोडा उधळेपणाचा वाटत आला आहे.

१८९६ साली जेम्स मार्क बाल्डविन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या कोड्यातून एक वाट सुचविली. शिकलेले वारशाने उतरत नाही हे मान्य. परंतु शिकण्याच्या बळावर जो जीव तगतो, त्याचा वंश वाढतो, आणि त्या वंशात जे उपजतच अधिक तयार असतात ते पुढे सरतात. म्हणजे आज कष्टाने शिकावे लागते ते काही पिढ्यांनी सहज येऊ शकेल. विचार मोठा खरा, पण पुरावा आणावयाचा कोठून? दगडात हाडे उरतात, शिकणे उरत नाही.

तो पुरावा पुढे संगणकात शोधला गेला. १९८७ साली हिंटन आणि नौलन यांनी वीस खटक्यांचा हिशेब मांडला. दहा लाखांहून अधिक जुळण्यांत एकच बरोबर, बाकी साऱ्या सारख्याच निरुपयोगी! काही खटके जन्मतः न बसविता जीवाला चाचपडू दिले, तेव्हा गवताच्या गंजीतली ती सुई सापडली. मात्र या जीवांना देह नव्हता.

देह दिला तो कार्ल सिम्स यांनी, १९९४ साली. त्यांच्या ठोकळ्यांच्या प्राण्यांत अंग आणि मेंदू एकत्रच घडत; कोणी पोहे, कोणी सरपटे. वेगाला बक्षीस ठेवले की नुसते उंच वाढून कोसळावे आणि वेग दाखवावा, ही पळवाट सिम्स यांना आधीच बुजवावी लागली. (परीक्षा घेणाऱ्यांना यात नवल वाटू नये.) पण हे प्राणी हयातीत काही शिकत नसत.

ती उणीव २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील अग्रिम गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरून काढली. आमच्या मते सगळ्यांत मोलाचा प्रयोग हाच. येथे वारशाने फक्त देह मिळे. मेंदू दर पिढीला कोरा. निवड होई ती शिकून झाल्यावर कोण किती चालला यावर. किती लवकर शिकला, हे कोणी विचारीत नसे. तरीही पूर्वजांना जी चाल आयुष्याच्या उतरणीला जमली, ती वंशजांना लवकर जमू लागली. ज्ञान उतरले नव्हते. उतरला होता तो तोल सांभाळणारा, थोड्या शक्तीत चालणारा देह, आणि तसा देह शिकवावयास सोपा असतो. खाचखळग्यांच्या जमिनीवर घडलेले देह तर सपाटीवर घडलेल्यांपेक्षा नवी कामेही अधिक चांगली शिकले.