मामा तलावातलं जाळं

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, त्यांच्या लहानपणी बोडीत कोणते मासे मिळायचे? शिंगी, मागूर, मरळ... यादी लांबत जाईल. आज तलावात बीज सोडलं जातं ते मुख्यतः रोहू-कटल्याचं. मधे काय घडलं, तेच आज बघू.

आपल्या देवरी-अर्जुनी मोरगाव पट्ट्यात जुने मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी! गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले.

आता तलावात डोकावू. उथळ पाण्यात देवधान, कमळ, पाणगवत. त्यात किडे वाढतात, मासे अंडी घालतात, पाखरं घरटी करतात आणि त्या माशांवर ढिवरांची चूल पेटते. हे एक जाळंच आहे.

जाळ्यातला एक धागा तुटला तर? २००२ साली जेनिफर डन आणि सहकाऱ्यांनी जगभरची १६ अन्नजाळी कॉम्प्युटरवर तपासली. कुठलीही जात सहज काढली, तर जाळं बऱ्यापैकी टिकतं. पण जिच्याशी सगळ्यात जास्त धागे जोडलेत, ती काढली की बाकीच्या भराभर जातात. आणि जाळं जितकं दाट विणलेलं, तितकं ते जास्त धक्के सोसतं.

मामा तलावात ती गाठ म्हणजे पाणवनस्पती. एखादा मासा कमी झाला, तर बगळा दुसरा शोधेल. पण उत्पादन वाढवायला सोडलेला ग्रास कार्प, म्हणजे गवत्या मासा, गवतच फस्त करतो. काठावर बेशरम माजते, ती देशी वनस्पतींची जागा खाते. मग अंडी कुठे घालायची? लपायचं कुठे?

म्हणून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन उलट्या बाजूने सुरुवात केली. बेशरम उपटायची, देशी पाणवनस्पती लावायच्या. आधी मासे नाही, आधी गवत! आणि कोणतं गवत कुठे लावायचं, हे ढिवरांनाच ठाऊक होतं.

तर आज आजोबांना माशांची नावं विचाराल, तेव्हा गवतांचीही विचारा. ती नावं विसरली, तर परत काय लावायचं हे सांगणार कोण? भेटू पुढच्या भागात!