तुंब्यापासून शेकरपर्यंत : सोबतच्या पाण्याची गोष्ट

हातातलं काम चालू ठेवा, निवडणं-टिपणं असेल तर तेही होऊ द्या. आज आम्ही बोलणार आहोत एका साध्या वस्तूबद्दल, म्हणजे पाण्याच्या बाटलीबद्दल.

झालं असं, की मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज मागता मागता सहज सांगितलं, की लेक पोलीस भरतीची तयारी करतेय, पहाटे मैदानावर जाते, आठशे मीटर पळते, गोळा फेकते, आणि आता म्हणते, "आई, मला शेकर पाहिजे." ताई म्हणाल्या, "शेकर म्हणजे काय गं बाई? मिक्सर का?" सगळ्या हसल्या. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "आम्ही तुंबा घेऊन रानात जायचो, त्याला कोणी किंमत विचारली नाही." त्या दिवशी हप्ते गोळा करायला उशीर झाला, कारण प्रत्येकीला काही ना काही आठवत होतं. मग आम्ही ठरवलं, की माणसानं पाणी सोबत कसं नेलं, याची गोष्टच मांडू. शेवटी त्या पोरीला बाटली कोणती घ्यायची तेही सांगू.

सुरुवात आजींच्या तुंब्यापासून. कडू भोपळा वेलावरच पक्का होऊ द्यायचा, वाळवायचा, देठाकडून भोक पाडून बिया आणि गर काढायचा, पाणी भरून भरून कडवटपणा घालवायचा. मधे कंबर असलेला भोपळा निवडला की दोरी बांधायला सोपं. वजनाला हलका, पाणी गार ठेवणारा, आणि फुटला तर मातीत मिसळून जाणारा. गडचिरोली आणि बस्तरच्या पट्ट्यात आदिवासी बायाबापडे आजही रानात जाताना तुंबा नेतात. वारकऱ्याच्या खांद्यावरची वीणा आणि मिरजेचा तंबोरा याच भोपळ्याच्या घराण्यातले.

भोपळ्यात मावेल एवढं पाणी एकट्यादुकट्याला पुरतं. लष्कराला, बाजाराला, मोठ्या वाड्याला जास्त लागायचं. त्यासाठी होती कातड्याची पखाल. बैलाच्या नाहीतर रेड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी. माणसाच्या पाठीवर असायची ती बकऱ्याच्या कातड्याची मशक. पाणी वाहणाऱ्याला पखालजी किंवा भिस्ती म्हणत. विहिरीवरची मोटही कातड्याचीच.

आता इथं थोडं थांबू. ज्या हातांनी कातडं कमावलं, मोट शिवली, पखाल शिवली, त्याच हातांना गावच्या विहिरीवर शिवू दिलं जात नव्हतं. मोटेतून आलेलं पाणी सगळ्यांना चालायचं, मोट करणारा चालायचा नाही. म्हणून पाण्याच्या भांड्याची गोष्ट सांगताना पाण्यावरच्या हक्काची गोष्ट टाळता येत नाही.

१८६८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. त्यानंतर तीसेक वर्षांनी, १९०१ साली, सातारा जिल्ह्यात काही लहान मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. मुलं रेल्वेनं मसूरला उतरली आणि पुढं बैलगाडीनं निघाली. जवळ शिदोरी भरपूर होती, पण पाणी नव्हतं, आणि जात कळली की कोणी देत नव्हतं. रात्र तशीच काढावी लागली. त्या मुलांतला एक म्हणजे भीमराव आंबेडकर. मोठेपणी त्यांनी स्वतः हा प्रवास लिहून ठेवला. डबा भरलेला असून मुलं उपाशी झोपली, कारण घास उतरवायला पाणी नव्हतं. आपण आया आहोत, आपल्याला हे जास्त सांगायला नको.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं तो मान्यही केला, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. पुढं कोर्टकज्जा दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला. आज आपण कुठल्याही नळाला बाटली लावतो, त्यामागं एवढं सगळं आहे.

आता पुन्हा भांड्यांकडे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि लांबचा प्रवास वाढला. प्रवासात दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून बरेच लोक आपलं पाणी आपल्यासोबत नेऊ लागले. स्टेशनांवर हिंदूंसाठी वेगळं आणि मुसलमानांसाठी वेगळं पाणी ठेवलेलं असायचं. त्या काळातली घराघरातली वस्तू म्हणजे फिरकीचा तांब्या. पितळेचा, पोट मोठं, तोंड लहान, वर आट्याचं झाकण, आणि आत बसणारं फुलपात्र. कितीही आडवा करा, पाणी सांडायचं नाही. आजच्या बाटलीच्या झाकणाचा तो आजोबाच म्हणायचा. ज्यांना पितळ परवडत नव्हतं त्यांच्याकडे जाड कापडाची पिशवी असायची. ती खिडकीला टांगली की कापड पाझरायचं, वाऱ्यानं ओल उडायची आणि आतलं पाणी गार व्हायचं. माठाचंही गणित हेच आहे.

पितळेची एक खोड मात्र आपल्या आज्यांना पक्की ठाऊक होती. आंबट पदार्थ पितळेत कळकतो. म्हणून कल्हईवाला गावात आला की भांडी बाहेर निघायची. तो कथलाचा पातळ लेप द्यायचा आणि मग त्या भांड्यात ताक, आमटी चालायची. हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

मग आली काच. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली प्रयोगशाळेसाठी दुहेरी भिंतीचं भांडं केलं. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली, की उष्णता इकडून तिकडं सहज जात नाही. पुढं जर्मनीत १९०४ साली त्याचा घरगुती थर्मास झाला. दवाखान्यात बाळंतिणीला चहा नाहीतर पेज नेणारा थर्मास आपल्यापैकी कितीतरी जणींनी जपून नेला असेल, आणि एकदा तरी हातून फोडला असेल.

काचेवरून आपल्या महाराष्ट्राची एक आठवण. अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड सुरू केला. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला आणि तिथं मुलांना काचकाम शिकवलं गेलं. एकेक पैसा जमवून कारखाना! आमच्या गटातली एकजण म्हणाली, "म्हणजे तो बचत गटच की." आम्हालाही तसंच वाटलं.

स्टीलची गोष्ट त्यानंतरची. इंग्लंडमधल्या शेफील्डला १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं. आपल्याकडं ते घरोघर पोचायला बरीच वर्षं लागली. नंतर मात्र बोहारणीच्या पाटीतून, जुन्या साड्यांच्या बदल्यात, स्टीलचे डबे नि तांबे असे शिरले की पितळ माळ्यावर गेलं. ना कल्हईची कटकट, ना चिंच लावून घासण्याची.

आणि प्लॅस्टिक? १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी एक नवा धागा शोधला. त्याचं नाव टेरिलीन. आपण ज्याला पॉलिस्टर म्हणतो तोच. १९७३ मध्ये अमेरिकेत नॅथानिएल वाएथ यांनी त्याच पदार्थाच्या बाटलीचं पेटंट घेतलं. म्हणजे आपली न चुरगळणारी साडी आणि पाण्याची विकतची बाटली या सख्ख्या बहिणी आहेत. फरक एवढाच, की साडी आपण दहा वर्षं नेसतो आणि बाटली दहा मिनिटांत फेकतो. ती बाटली ओढ्यात जाते, बांधावर पडते, गुरांच्या तोंडी लागते. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली ती उगीच नाही.

आता त्या शेकरकडे येऊ. शेकर म्हणजे घट्ट झाकणाचा मोठा पेला, आत एक तारेचा गोळा नाहीतर जाळी. पाणी किंवा दूध, त्यात पीठ, आणि हलवलं की गुठळ्या मोडतात. अमेरिकेतल्या व्यायामशाळांतून हे आलं. पण बघा, तारेचा गोळा करतो काय? आपल्या रवीचंच काम. आपल्याकडं तालमीतले पैलवान बदाम वाटून थंडाई करतच होते. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलं, तेव्हापासून तिथं कितीतरी पैलवान घडले. पण त्या तालमीत आणि त्या खुराकात बायकांना जागा नव्हती. थंडाईचे बदाम सोलायला मात्र घरी आम्हीच. आता काळ बदलतोय. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. म्हणून पोरगी शेकर मागते तेव्हा तिला चेष्टेवारी नेऊ नका. घरातल्या मुलीनं आपल्या ताकदीसाठी काही मागावं, ही गोष्टच नवी आहे.

शेकरमध्ये घालतात त्या डब्याबद्दलही ऐका. त्यात बहुतेक वेळा 'व्हे' असतं. चक्का टांगल्यावर जे पाणी गळतं, पनीर केल्यावर जी निवळ उरते, तेच ते. परदेशात चीज करताना ती ढिगानं उरते. तिच्यातली प्रथिनं वेगळी काढून वाळवतात. आपल्या निवळीत प्रथिनं थोडीच असतात, पण ओतून देऊ नका, कणीक मळायला घ्या. पोरीला डब्याचा खर्च झेपत नसेल तर शेकरमध्ये सातूचं पीठ, दूध घालून शिजवलेली नाचणी, भाजक्या डाळ्याचं पीठ आणि ताक हेही छान हलतं. शिवाय शेंगदाणे, अंडी, डाळ, उसळ आहेच.

तर बाटली घ्यायची कशी? आम्ही बैठकीत ठरवलं ते असं.

पहिलं, तोंड रुंद हवं. हात नाहीतर ब्रश आत गेला पाहिजे. दिसायला सुरेख पण धुता न येणारी बाटली म्हणजे रोगाचं घर. झाकणातलं रबर निघतं का ते दुकानातच बघा. वास तिथंच धरतो.

दुसरं, आत काय भरणार ते ठरवा. नुसतं पाणी असेल तर स्टील उत्तम. रानात पडलं-झडलं तरी टिकतं. दुहेरी भिंतीची घेतली तर पाणी गार राहतं, पण वजन आणि किंमत दोन्ही जास्त. तांब्याच्या बाटलीत फक्त पाणी. लिंबूसरबत, ताक अजिबात नाही. कल्हईची गोष्ट आठवा.

तिसरं, स्टीलवर '३०४' आणि 'फूड ग्रेड' असं लिहिलंय का पाहा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्यावर विसंबू नका. कमी निकेलच्या स्वस्त स्टीललाही चुंबक बहुधा चिकटत नाही.

चौथं, प्लॅस्टिकचंच घ्यायचं झालं तर बुडाला त्रिकोणातला आकडा बघा. '५' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, शेकरला चांगलं. '२' चालेल. '१' म्हणजे विकतच्या पाण्याची बाटली, ती एकदाच वापरण्यासाठी केलेली असते. तिच्यात वर्षभर पाणी भरू नका आणि गरम तर कधीच घालू नका. '७' असेल तर बीपीए नाही असं लिहिलेलं पाहूनच घ्या. लहान बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत या बीपीएवर युरोपात २०११ पासून बंदी आहे.

पाचवं, शेकर असेल तर दुकानातच पाणी घालून उलटा करून हलवा. गळला तर परत द्या. वापरल्याबरोबर धुवा, आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. बंद शेकर दुपारपर्यंत राहिला तर घरभर वास येतो.

आणि माप एक लिटरचं असेल तर आणखी एक फायदा. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे जीवनजल लगेच करता येतं. चमचा चहाचा घ्यायचा.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते हीच मोठी. तुंबा काय, तांब्या काय, बाटली काय, घरात पाणी भरलं ते आपण. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. नवऱ्याला रानात पाणी नेलं, पोराच्या गळ्यात वॉटरबॅग अडकवली. पण बैठकीत आम्ही विचारलं, "स्वतःची, एकटीची बाटली कोणाकोणाकडं आहे?" बावीस जणींत चार हात वर आले. आणि मग एक ताई हळूच म्हणाली, "बाटली आहे, पण खुरपायला जाताना मी पाणीच पीत नाही. लागली तर जायचं कुठं?" सगळ्या गप्प झाल्या, कारण सगळ्यांचं तेच होतं. एसटीनं जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी. मग लघवीला जळजळ होते, अंगात कणकण येते, उन्हाळ्यात चक्कर येते. हे अंगावर काढतो आपण.

म्हणून आमच्या गटानं दोन ठराव केले. एक, प्रत्येकीची स्वतःची बाटली, वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेली, आणि रानातून परत येताना ती रिकामी असली पाहिजे. दुसरा, बाजाराच्या जागी आणि एसटी थांब्याजवळ बायकांसाठी पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं, हा विषय येत्या ग्रामसभेत लेखी द्यायचा. तोपर्यंत रानात निदान साडीचा आडोसा तरी करायचा.

त्या पोरीनं पाच नंबरचा निळा शेकर घेतला. आईनंही स्वतःसाठी स्टीलची बाटली घेतली, गटाच्या कर्जात दोन्ही बसलं. तुमच्या बैठकीतही हाच प्रश्न विचारा, किती हात वर येतात ते मोजा, आणि आम्हाला कळवा. आता उठा, एक तांब्या पाणी प्या.