ठाण्याहून गेलेली पत्रे

ठाणे शहराचे प्राचीनत्व शिलाहारांच्या ताम्रपटांनी सिद्ध केले आहे. त्यांत येणारे ‘श्रीस्थानक’ ते हेच. परंतु शिलाहारांचे राज्य लयास गेल्यानंतर आणि पोर्तुगीजांचे पाऊल पडण्यापूर्वी या बंदराची स्थिती कशी होती, हे सांगणारी साधने फार थोडी आहेत. त्या थोड्या साधनांत एका परदेशी ख्रिस्ती धर्मपंडिताच्या कागदांचे स्थान मोठे आहे. त्याचे नाव जॉर्डनस.

जॉर्डनस हा दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराक गावचा. तो डॉमिनिकन पंथाचा यती होता. 1216 मध्ये मान्यता पावलेल्या या पंथाने उपदेश हे आपले कार्य मानले आणि धर्मशास्त्राचे अध्ययन हा त्याचा पाया मानला. पंथाच्या प्रत्येक मठात धर्मशास्त्र शिकविणारा एक अध्यापक असलाच पाहिजे, असा दंडक होता. अशा शिस्तीत तयार झालेला हा मनुष्य इराणात आला, तेथील भाषा शिकला आणि तेथून हिंदुस्थानास निघाला.

कोकणास ख्रिस्ती धर्म त्या वेळी अगदीच अपरिचित होता असे नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कॅलियाना’ येथे इराणातून नेमला जाणारा एक बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण होय, असे पुष्कळ विद्वान मानतात. चौदाव्या शतकात ठाण्यास नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक या समकालीन प्रवाशाने नमूद केले आहे.

1321 मध्ये जॉर्डनस होर्मुझ बंदरातून जहाजावर चढला. त्याच्याबरोबर फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे होते : टोलेंटिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. त्यांना जावयाचे होते कोल्लमला. वाऱ्याने त्यांना आणून सोडले ठाण्यास. यादवांचे राज्य मोडून तेथे दिल्लीचा अंमल नुकताच बसला होता. पाहुण्यांना एका नेस्टोरियन कुटुंबाने आसरा दिला. जॉर्डनसला फारशी चांगली येत असल्यामुळे सोपारे व भडोच या बाजूच्या ख्रिस्ती लोकांकडे त्याने जावे असे ठरले, आणि तो निघाला.

तो दूर असता यजमानाच्या घरी पति-पत्नींचा कलह होऊन प्रकरण काजीपुढे गेले. साक्षीच्या निमित्ताने यतींना बोलावणे झाले. साक्ष बाजूस राहून धर्माचा वाद सुरू झाला. त्या वादात इस्लामच्या पैगंबरांविषयी मत विचारण्यात आले असता यतींनी जे उत्तर दिले, ते काजीस व जमावास सहन झाले नाही. त्या एप्रिल महिन्यात चौघांचाही वध झाला. ही हकीकत एका पक्षाची आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. त्याचबरोबर, या कृत्याबद्दल दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या अधिकाऱ्यास देहान्त शासन दिले, असे ओडोरिक सांगतो, तेही विसरू नये.

वार्ता कळताच जॉर्डनस परतला. एका तरुण जिनोई व्यापाऱ्याच्या साहाय्याने त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्यानंतर तो एकटा उरला.

या एकटेपणातून दोन पत्रे निर्माण झाली. पहिले 12 ऑक्टोबर 1321 रोजी घोघा बंदरातून लिहिलेले आहे. ते इराणातील ताब्रिझ इत्यादी ठिकाणच्या धर्मबंधूंना उद्देशून आहे. त्यात सोबत्यांच्या मृत्यूची वार्ता आहे आणि सोपारे, भडोच व कोल्लम येथे माणसे पाठवावीत अशी विनंती आहे. दुसरे पत्र खुद्द ठाण्याहून गेले. ते जानेवारीतील असून त्याचे वर्ष कोणी 1323, तर कोणी 1324 धरतात. आजार, कैद आणि छळ यांनी तो जर्जर झाला होता. तरीही मागणी तीच, माणसे पाठवा. याच पत्रात, पोपने या समुद्रात दोन गलबते ठेवली तर इजिप्तच्या सुलतानास केवढा शह बसेल, असाही विचार आहे. वास्को द गामा कालिकतला येण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे एका यतीच्या मनात हे राजकारण घोळत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे तो युरोपात परतला व त्याने पूर्वेकडील आश्चर्यांचे वर्णन करणारे एक लहानसे लॅटिन पुस्तक लिहिले. त्यात बुंध्यालाच लागणारा आणि एकच पाच माणसांना पुरेल असा फणस आहे, नारळ आहे, ताडाला भांडे बांधून काढलेली ताडी आहे. प्रेते न पुरता वा न जाळता, छप्पर नसलेल्या मनोऱ्यांत ठेवणारे पारशी आहेत. सती जाणाऱ्या स्त्रियाही त्याने पाहिल्या, आणि त्याची लेखणी तेथे कचरली नाही. तथापि येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायास जागणारे आहेत, असा अभिप्राय त्याने दिला आहे. ज्या प्रदेशात त्याचे चार सोबती मारले गेले, त्या देशाविषयी हे शब्द आहेत. आणखी एक गुण त्याच्यापाशी होता. ज्या भागात तो स्वतः गेला नव्हता, तेथील नवलाई सांगताना तो स्पष्ट म्हणतो की, हे पाहिलेले नव्हे, विश्वासू माणसांकडून ऐकलेले आहे. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील हा भेद अनेक बखरकारांनीही पाळलेला नाही.

1329 मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. तेथील ख्रिस्ती लोकांना उद्देशून लिहिलेली शिफारसपत्रे त्याच्यासाठी तयार झाली आणि तेथेच त्याच्या चरित्राचा खात्रीलायक धागा संपतो.

माणूस गेला, कागद मात्र राहिले. दोन्ही पत्रांची नक्कल पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका लॅटिन हस्तलिखितात आहे. पुस्तकाची चर्मपत्रावरील प्रत एका फ्रेंच विद्वानाच्या संग्रहात सापडली; ती 1839 मध्ये पॅरिस येथे छापली गेली आणि पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. हेन्री यूल यांनी 1863 मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर सटीप प्रसिद्ध केले. त्या प्रतीत एका अवीट गोडीच्या फळाचे नाव ‘अनिबा’ असे पडले आहे. लॅटिन हस्ताक्षरात ‘म’ला तीन उभ्या रेघा आणि ‘नि’लाही तीनच, नकलकाराने ‘म’ला ‘नि’ वाचले असावे. ती चूक दुरुस्त केली की शब्द उरतो ‘अंबा’.

ओडोरिकने त्या चौघांच्या अस्थी सोपाऱ्याहून चीनपर्यंत नेल्या. त्यांच्या मृत्यूची साक्ष देण्यास ठाण्याच्या किनाऱ्यावर आज फारसे काही उरलेले नाही. उरली आहेत ती कोणा नकलकाराने उतरून ठेवलेली थोडी पाने. जुन्या घरांच्या माळ्यांवर वाळवी खात पडलेल्या आपल्याकडील दप्तरांत असा कोणता शब्द वाट पाहत असेल, हे ती दप्तरे उघडल्यावाचून कळणार नाही.