वादविद्या

परस्परविरुद्ध मतांची प्रमाण व तर्क यांच्या आधारे परीक्षा करण्याचे शास्त्र. वाद कशासाठी करावयाचा आणि त्याचे नियम कशावरून ठरतात, हे या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होत. भारतीय परंपरेत त्यांची उत्तरे परस्परांशी निगडित आहेत : वादाचे प्रयोजन बदलले, की त्याचे नियमही बदलतात. या विषयाची चर्चा करणारा भावसेन त्रैविद्य यांचा प्रमाप्रमेय हा संस्कृत ग्रंथ सोलापूर येथून प्रकाशित झाला आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : मैत्रीभावाने केलेली संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेली विगृह्यसंभाषा. न्यायसूत्रांत कथेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन भेद आढळतात. वाद हा तत्त्वजिज्ञासूंमध्ये होतो. जल्पात विजयासाठी छल व जाती (फसवी उत्तरे) यांचाही अवलंब करता येतो. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन केले जाते. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, असे वक्त्याला अभिप्रेत असता ‘याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत?’ असे विचारणे, हे छलाचे प्रसिद्ध उदाहरण होय. बीजांकुरांच्या रक्षणार्थ काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, त्याप्रमाणे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणार्थ जल्प व वितंडा उपयोगी पडतात, असे त्यांचे समर्थन न्यायसूत्रांत केलेले आहे.

सत्याच्या रक्षणासाठी असत्य उपाय क्षम्य ठरतात काय, हा प्रश्न या समर्थनातून उपस्थित झाला. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती (७ वे शतक) यांनी वादन्यायात छलादींचा निषेध केला आणि न्यायसूत्रांतील २२ निग्रहस्थानांच्या (पराजयाच्या कारणांच्या) जागी दोनच मानली : साधनाचे अंग नसलेले वचन आणि दोष नसलेल्या गोष्टीचे दोष म्हणून उद्‌भावन. जैन आचार्य अकलंक (८ वे शतक) यांच्या मते प्रतिपक्षाची केवळ चूक दाखविल्याने जय मिळत नाही. त्यासाठी स्वपक्षाची सिद्धी व्हावी लागते. वादी, प्रतिवादी, सभ्य व सभापती ही वादाची चार अंगे जैन तार्किकांनी मानली. त्यामुळे नियमपालनाचा निर्णय वाद करणाऱ्यांवरच न सोपविता तटस्थ सभेवर सोपविला गेला.

भावसेन (१३ वे शतक) हे याच परंपरेतील होत. आंध्र प्रदेशातील अमरापुरम् येथे त्यांचा समाधिलेख आहे. प्रमाप्रमेयात त्यांनी वादाच्या अंगांचे विवेचन केले असून नैयायिकांच्या कथाभेदांची चिकित्साही केली आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत भावसेनांचे विश्वतत्त्वप्रकाश (१९६४) व प्रमाप्रमेय (१९६६) हे ग्रंथ विद्याधर जोहरापूरकर यांनी हिंदी अनुवादासह संपादित केले. त्यामुळे वादविद्येची जैन बाजू अभ्यासकांस सुलभ झाली.

मतभेदांचे सयुक्तिक निराकरण हे चर्चेचे प्रयोजन मानून त्यावरून तिचे नियम ठरविण्याचा प्रयत्न नेदर्लंड्समध्ये व्हान एमेरेन व ग्रोटेनडॉर्स्ट यांनीही १९८४ मधील आपल्या ग्रंथात केला. भारतीय विवेचनाचा विशेष असा, की वाद करणाऱ्यांच्या मनातील विजिगीषा गृहीत धरूनच येथे नियमांचा विचार झाला. विजिगीषा नाहीशी करता येत नसली, तरी विजय कशाला म्हणावे हे ठरविता येते, हा त्याचा निष्कर्ष होय.